जीनोमिक रिपोर्ट रोजच्या ओपीडीत: इंदूरहून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर, महू, देवास, धार इथले फॅमिली डॉक्टर, छोटी नर्सिंग होम आणि पेशंटच्या घरची मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे, शेवटचे अडचणीचे. एक गोष्ट बऱ्याच उत्तरांत डोकावेल: चाळीस पानी रिपोर्ट कपाटात ठेवून काही होत नाही. त्यातल्या कामाच्या दोन ओळी औषध लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असाव्या लागतात.

१. जीनोमिक डेटा म्हणजे नेमकं काय? आमच्या दवाखान्यात तर सीबीसी आणि शुगरच होते.

माणसाच्या जीनोममध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत आणि प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,०००. या जनुकांचा प्रत्यक्ष प्रथिनं बनवणारा भाग म्हणजे एक्झोम. तो एकूण जीनोमच्या जेमतेम १ ते २ टक्के. तपासणी यातल्या किती भागाची झाली त्यावरून तिचं नाव ठरतं: एकाच बदलाची, एका जनुकाची, काही डझन जनुकांचं पॅनेल, एक्झोम, नाहीतर अख्खा जीनोम.

आणि सीबीसीला कमी लेखू नका. हिमोग्लोबिन ११, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ७२ आणि आरबीसी (लाल पेशींची संख्या) ५८ लाख असा रिपोर्ट दिसला की एमसीव्हीला आरबीसीने (दशलक्षांत, म्हणजे ५.८ ने) भागा. उत्तर १२.४ येतं. १३ च्या खाली आलं की लोहाच्या कमतरतेपेक्षा थॅलेसेमिया मायनरचा (म्हणजे बिघडलेली एकच प्रत असलेला वाहक) संशय जास्त. जनुकाकडे जाणारी वाट बहुतेक वेळा अशा साध्या कागदावरूनच सुरू होते.

२. मग ही तपासणी कुणाला सुचवायची? सगळ्यांनाच करून घ्यायला हरकत काय?

हरकत पैशांची आहे, आणि नको त्या उत्तरांचीही (प्रश्न ७ आणि १५). आधी दहा मिनिटं काढून तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर काढा: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी व्यक्ती काळी भरलेली, गेलेल्यांवर तिरकी रेघ, वय आणि कारण. गर्भपात आणि लहानपणी दगावलेली मुलं लोक आपणहून सांगत नाहीत. ती विचारावी लागतात.

‘नात्यात लग्न झालंय का?’ या प्रश्नाला आपल्याकडे सरळ ‘नाही’ असं उत्तर येतं, कारण मामाच्या मुलीशी झालेलं लग्न पुष्कळांच्या लेखी ‘नात्यातलं’ नसतंच, ते रीतीतलं असतं. म्हणून ‘नवरा-बायकोचे आजी-आजोबा एकच आहेत का? मामे-आते भावंडं लागता का?’ असं थेट विचारा. मूळ गाव आणि समाजही लिहा. तो कुतूहलाचा विषय नाही, त्यावरून लॅब कोणता बदल आधी शोधायचा ते ठरवते.

तपासणीकडे वळायची ठोस कारणं अशी: पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग किंवा कोणत्याही वयात अंडाशयाचा, कारण न सापडलेला मतिमंदपणा किंवा फिट्स, चाळिशीच्या आत हार्ट अटॅक आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १९० च्या वर, दोन भावंडांना एकच अनाकलनीय आजार, आणि प्रश्न ८ मधलं एखादं औषध सुरू करायची वेळ.

३. सिकलसेल आणि थॅलेसेमियासाठी एचपीएलसी पुरते की जनुकाची तपासणी हवीच?

बहुतेकांना एचपीएलसी, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार (ए, ए२, एफ, एस) वेगळे मोजणारी तपासणी, पुरते. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी, खरगोन हा सगळा पट्टा आपल्या ओपीडीत येतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून सुरू झालं आणि त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. त्यामुळे हातात सोल्युबिलिटी टेस्टचा (सिकलसेलच्या झटपट चाळणीचा) कागद घेऊन येणारे पेशंट पुष्कळ. ही टेस्ट वाहकालाही पॉझिटिव्ह येते आणि रुग्णालाही. दोघांत फरक करत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते, कारण तेव्हा रक्तात हिमोग्लोबिन एफ भरपूर असतं.

एचपीएलसीचा कागद वाचताना गफलत होते ती अशी:

सिकलसेल वाहकात एस साधारण ३० ते ४० टक्के असतं आणि ए त्याहून जास्त. एस हे ए पेक्षा जास्त दिसलं तर तो साधा वाहक नाही. एका बाजूने सिकल आणि दुसऱ्या बाजूने बीटा थॅलेसेमिया असा जोड आजार असू शकतो किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असू शकतं. रक्त चढवल्यावर एचपीएलसीसाठी तीन महिने थांबा. थांबणं शक्य नसेल तर आई-वडिलांची एचपीएलसी करा, उत्तर त्यातूनच मिळतं.

थॅलेसेमिया वाहकात ए२ साधारण ३.५ च्या वर जातं. ३.३ किंवा ३.४ आलं आणि एमसीव्ही कमी असेल तर ‘नॉर्मल’ म्हणून सोडून देऊ नका: लोहाची मोठी कमतरता ए२ खाली ओढते. लोह भरून काढा, पुन्हा करा. मात्र बाई गरोदर असेल तर थांबायला वेळ नाही. नवऱ्याची एचपीएलसी त्याच दिवशी करा.

जनुकाची तपासणी लागतेच ती इथे: दोघंही वाहक आहेत आणि गर्भाची तपासणी करायची आहे. दोघांचा नेमका बदल आधी माहीत असल्याशिवाय गर्भात काय शोधायचं ते लॅबला कळत नाही. भारतात बीटा थॅलेसेमियाचा सगळ्यात नेहमीचा बदल आयव्हीएस-१-५. सिंधी कुटुंबांत ६१९ अक्षरांचा तुकडा गळालेला असणं पुष्कळ दिसतं आणि साध्या सीक्वेन्सिंगमध्ये तो निसटू शकतो, म्हणून फॉर्मवर समाज लिहायचा. वारेचा (प्लॅसेंटाचा) नमुना ११ ते १३ आठवड्यांत घेतात. दोघांचे बदल शोधायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे वाहकांची तपासणी पहिल्याच भेटीत, सातव्या-आठव्या आठवड्यात झाली पाहिजे. पाचव्या महिन्यात आलेल्या जोडप्यापुढे फार कमी रस्ते उरतात.

४. रक्त कोणत्या ट्यूबमध्ये घ्यायचं आणि इंदूरहून बाहेर पाठवताना काय बिघडतं?

डीएनए तपासणीला जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब, मोठ्यांचं ३ ते ५ मिली, बाळाचं १ ते २ मिली. घेतल्यावर ट्यूब आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करा, झटके देऊ नका. गुठळी झाली की नमुना वाया. हिरव्या टोपणाची हेपॅरिन ट्यूब फक्त कॅरिओटाइपसाठी (क्रोमोसोमच्या तपासणीसाठी), कारण तिथे जिवंत पेशी वाढवायच्या असतात. तेच हेपॅरिन पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या क्रियेला) अडवतं.

नमुना २ ते ८ अंशांत ठेवा, गोठवू नका. मे महिन्यात आइस पॅक लागतोच, पण ट्यूब थेट पॅकला टेकली की रक्त गोठून फुटतं. ट्यूब शोषक कापसात, मग झिपच्या पिशवीत, मग वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्या, आणि त्यानंतर पॅक. फॉर्म वेगळ्या पिशवीत, नाहीतर ओल्या कागदावरचं नाव पुसतं. शनिवारी कुरिअर करू नका. रविवारी खोकं कुठल्या तरी गोदामात उन्हात पडतं.

लेबल ट्यूबवर लावा, टोपणावर नाही. एकाच घरच्या तिघांचं रक्त एका वेळी घेताना सगळ्यात जास्त अदलाबदल होते: आडनाव एक, वडिलांचं नाव एक, दोघी बहिणी. एकाचं रक्त घ्या, त्याच्यासमोर लेबल लावा, नाव-वय त्याच्याकडून म्हणवून घ्या, मगच पुढच्याला बोलवा.

लाळेचा नमुना घ्यायचा तर आधी ३० मिनिटं खाणं, पिणं, गुटखा, सुपारी, तंबाखू काहीच नको. तंबाखू खाणाऱ्याने आधी खळखळून चूळ भरून मग अर्धा तास थांबायचं. नुकतंच रक्त चढवलेल्यांसाठी लॅबचा नियम विचारा. बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्यांसाठी प्रश्न १६ पाहा.

५. पॅनेल मागवू, एक्झोम मागवू की अख्खा जीनोम?

लक्षणं एका आजाराकडे बोट दाखवत असतील तर त्याच आजाराची तपासणी, स्वस्त आणि अचूक. चित्र धूसर असेल तर एक्झोम. जमलं तर आई-वडिलांसकट, म्हणजे ट्रायो. बाळात नव्याने झालेला बदल तेव्हाच पटकन उठून दिसतो.

एक्झोमचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला म्हणून आजार जनुकीय नाही असं होत नाही. काही गोष्टी त्याला नीट दिसतच नाहीत. ड्युशेनमध्ये (मुलग्यांचे स्नायू झिजवणारा आजार) साधारण दोन तृतीयांश मुलांत जनुकाचा मोठा तुकडा गळालेला असतो, तिथे आधी एमएलपीए (गळालेले किंवा वाढलेले तुकडे मोजणारी तपासणी). स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीत एसएमएन१ आणि एसएमएन२ इतकी सारखी असतात की साधा एक्झोम गोंधळतो, तिथेही एमएलपीए. फ्रॅजाइल एक्स आणि हंटिंग्टन हे अक्षरांच्या पुनरावृत्तीचे आजार, त्यांची तपासणीच वेगळी. प्रॅडर-विलीला मिथायलेशनची (डीएनएवरच्या रासायनिक खुणांची) तपासणी. हे आधी ठरवलं नाही तर आई-वडिलांचे पैसे जातात आणि वर ‘सगळं नॉर्मल’ असा चुकीचा दिलासा मिळतो.

लॅब निवडताना ‘एनएबीएल (लॅबची राष्ट्रीय मान्यता) आहे का’ एवढं विचारून थांबू नका. मान्यता तपासणीनुसार असते. तुम्हाला हवी ती तपासणी त्यांच्या मान्यतेच्या यादीत आहे का ते विचारा.

६. रिपोर्टमधली ती ओळ कशी वाचायची? नुसते आकडे आणि अक्षरं दिसतात.

एकच ओळ जवळून पाहू: ‘एचबीबी, एनएम_०००५१८, सी.२०ए>टी, पी.ग्लू७व्हॅल, होमोझायगस, पॅथोजेनिक’.

एचबीबी हे जनुकाचं नाव. एनएम हा त्या जनुकाच्या कोणत्या प्रतीवरून मोजलं त्याचा क्रमांक; तो बदलला की पुढचे आकडेही बदलू शकतात. सी.२०ए>टी म्हणजे विसाव्या जागी ए ऐवजी टी. पी.ग्लू७व्हॅल म्हणजे प्रथिनाच्या सातव्या जागी ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलिन. होमोझायगस म्हणजे दोन्ही प्रतींत, थोडक्यात सिकलसेलचा रुग्ण. हेटेरोझायगस असतं तर वाहक.

आता गंमत. जुन्या पुस्तकांत हाच बदल ‘सहाव्या जागी’ असा आहे, कारण तेव्हा सुरुवातीचं मेथिओनिन मोजत नसत. जुन्या रिपोर्टवर ६ आणि नव्यावर ७ पाहून ‘दोन वेगळे बदल’ समजू नका. तोच बदल व्हीसीएफ फाइलमध्ये (लॅबच्या संगणकातली बदलांची यादी) टी>ए असा उलटा दिसतो, कारण एचबीबी डीएनएच्या दुसऱ्या धाग्यावरून वाचलं जातं.

शेवटचा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. २०१५ पासून जगभर पाच पायऱ्या वापरतात: पॅथोजेनिक, लाइकली पॅथोजेनिक, अनिश्चित, लाइकली बिनाइन, बिनाइन. पहिल्या दोनवर उपचाराचा निर्णय घेता येतो. रिसेसिव्ह आजारात (दोन्ही प्रती बिघडल्या तरच होणाऱ्या) दोन वेगळे बदल सापडले तर ते एकाच प्रतीवर आहेत की समोरासमोर, हे आई-वडिलांची तपासणी केल्यावरच कळतं. एकाच प्रतीवर असतील तर दुसरी प्रत शाबूत आहे.

७. रिपोर्टमध्ये ‘व्हीयूएस’ लिहून आलंय. ऑपरेशन करून टाकू का?

नाही. व्हीयूएस म्हणजे अर्थ न ठरलेला बदल. त्यावरून स्तन, अंडाशय काढणं नाही, गर्भाबद्दल निर्णय नाही, घरातल्या निरोग्यांना ‘तुम्हालाही आहे का बघू’ म्हणून तपासणं नाही. उपचार आजारावरून आणि घराण्याच्या इतिहासावरून ठरवा, जणू हा बदल सापडलाच नाही. घरात आजारी आणि निरोगी दोन्ही प्रकारची माणसं असतील तर बदल आजाराबरोबर चालतो का हे लॅब तपासू शकते. पण ते कोडं सोडवण्यासाठी, भविष्य सांगण्यासाठी नव्हे.

आपल्याकडे व्हीयूएस जास्त येतात, कारण तुलनेचे मोठे संच बराच काळ युरोपीय वंशाच्या लोकांचे होते. जीनोम इंडिया प्रकल्पात सुमारे १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा फरीदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुला झाला. जो बदल निरोगी भारतीयांत सर्रास दिसतो तो दुर्मीळ आजाराचं कारण नसतो, ही साधी गोष्ट आता जास्त वेळा सिद्ध करता येईल. अर्थ ठरलेले बहुतेक व्हीयूएस शेवटी निरुपद्रवी निघतात. वर्ष-दोन वर्षांनी लॅबला पुन्हा विचारा, आणि ती तारीख आजच फाइलवर लिहा.

८. कोणत्या औषधांना जनुकांमुळे खरंच फरक पडतो?

शंभर औषधांचे रंगीबेरंगी तक्ते बाजारात फिरतात. इथल्या ओपीडीत प्रत्यक्ष कामाची ही थोडी:

प्रायमाक्विन. व्हायवॅक्स मलेरियात १४ दिवस देण्याआधी जी६पीडी (लाल पेशी जपणारं एन्झाइम) तपासा. कमतरता असेल तर रक्त फुटतं, लघवी काळी होते. रक्त फुटल्यानंतर लगेच तपासलं तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो, कारण उरलेल्या तरुण पेशींत एन्झाइम जास्त असतं. तीन महिन्यांनी पुन्हा करा. वाहक बायका साध्या स्पॉट टेस्टमध्ये निसटतात.

कार्बामाझेपिन (फिट्सचं औषध). एचएलए-बी १५:०२ हा जनुकप्रकार असेल तर अंगाची साल निघेपर्यंत जाणारी प्रतिक्रिया येऊ शकते, बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत. म्हणून तपासणी सुरू करण्याआधी. वर्षभर बिनत्रास घेणाऱ्याचं औषध या रिपोर्टवरून बंद करायचं नसतं.

अॅझाथायोप्रिन आणि ६-एमपी (प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं; दुसरं रक्ताच्या कर्करोगातही). जुने पॅनेल फक्त टीपीएमटी बघतात. आपल्या लोकांत एनयूडीटी१५ जास्त महत्त्वाचं. दोन्ही असलेलं पॅनेल मागा. रिपोर्ट नॉर्मल असला तरी सीबीसी ठरल्या वेळी करायचीच.

५-एफयू आणि कॅपेसिटाबिन (कर्करोगाची औषधं). आधी डीपीवायडी जनुक. नेहमीचे चार बदल युरोपीय रुग्णांवरून ठरले आहेत, तेव्हा ‘निगेटिव्ह’ म्हणजे हमी नव्हे.

सक्सामेथोनियम. भूल देताना वापरतात; बीसीएचई जनुक मंद असेल तर श्वास तासन्‌तास परत येत नाही. आर्य वैश्य समाजात हे जास्त आढळल्याची नोंद भारतीय अभ्यासांत आहे. ‘घरात कुणाला ऑपरेशननंतर मशिनवर ठेवावं लागलं होतं का?’ हा प्रश्न फुकट आहे, विचारत जा.

जेंटामायसिन, अमिकासिन (इंजेक्शनची प्रतिजैविकं). आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा १५५५ ए>जी हा बदल असेल तर नेहमीच्या डोसनेही बहिरेपण. आजोळच्या कुणाला इंजेक्शननंतर ऐकू येईनासं झालं असेल तर ही औषधं टाळा.

क्लोपिडोग्रेलचं (रक्ताची गुठळी रोखणारं औषध) वेगळं, पुढच्याच प्रश्नात.

९. बाबांना स्टेंट बसवलाय. सीवायपी२सी१९ स्टार १/स्टार २ आलंय. क्लोपिडोग्रेल बंद करू का?

आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नका. स्टेंटनंतर अचानक थांबवलं तर गुठळी होण्याचा धोका जनुकाच्या धोक्यापेक्षा मोठा. रिपोर्ट घेऊन त्याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांकडे जा.

क्लोपिडोग्रेल पोटात जाताना निष्क्रिय असतं, यकृतातलं सीवायपी२सी१९ त्याला कामाचं बनवतं. स्टार १ म्हणजे चालू प्रत, स्टार २ आणि ३ बंद, १७ जोरात चालणारी. एक बंद प्रत म्हणजे इंटरमीजिएट, दोन्ही बंद म्हणजे पुअर मेटाबोलायझर. पुअरबद्दलचा ठळक इशारा अमेरिकेत २०१० पासून औषधाच्या माहितीपत्रकावर आहे. स्टेंटवाल्या पेशंटमध्ये दोन्ही गटांसाठी प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉरचा विचार करतात. पूर्वी पक्षाघात झालेल्याला प्रासुग्रेल चालत नाही. टिकाग्रेलॉरने काहींना धाप लागते आणि ते दिवसातून दोनदा घ्यायचं असतं. निवड म्हणूनच तज्ज्ञाची.

एक गोष्ट मात्र फॅमिली डॉक्टरनेच पाहायची: पेशंट अॅसिडिटीसाठी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल घेतो का? ती हेच एन्झाइम दाबतात. जनुक उत्तम असूनही माणूस मंद मेटाबोलायझरसारखा वागतो आणि रिपोर्टमध्ये त्याचा पत्ता लागत नाही. केमिस्टकडून आपणहून घेतलेल्या गोळ्याही विचारा. पँटोप्राझोलचा त्रास कमी.

१०. हे सगळं दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कसं बसवायचं? आमच्याकडे तर रिपोर्ट स्कॅन करून ठेवतात.

स्कॅन केलेला रिपोर्ट सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, आणि रात्री दोन वाजता ड्यूटीवरचा डॉक्टर तो उघडत नाही. आभा (सरकारी आरोग्य खाते) क्रमांकाला जोडून एफएचआयआर (आरोग्य माहिती पाठवण्याच्या ठरलेल्या) स्वरूपात पाठवला तरी आत पीडीएफच गुंडाळलेली असेल तर फरक काहीच नाही. माहिती वेगवेगळ्या रकान्यांत भरावी लागते: जनुक, मिळालेली जोडी (स्टार २/स्टार २), तिचा अर्थ (पुअर), लॅब, तारीख, कोणते बदल तपासले, आणि त्यावरून करायचं काय.

जोडी आणि अर्थ दोन्ही ठेवा. जोडी आयुष्यभर तीच राहते, अर्थ मात्र नव्या माहितीने बदलू शकतो. नुसतं ‘पुअर’ लिहिलं तर पाच वर्षांनी पुन्हा तपासायची वेळ येते.

जागा कोणती? ‘हिस्टरी’च्या मोकळ्या चौकटीत नको, तिथे ते बुडतं. पेनिसिलीनची अॅलर्जी लिहितो त्याच रकान्यात, ‘औषध-जनुक’ असं लिहून. सूचना तेच औषध लिहिताना यावी आणि तिच्यात पर्याय असावा. प्रत्येक प्रिस्क्रिप्शनला लाल चौकट उघडू लागली की आठवड्याभरात सगळे न वाचताच ‘ओके’ दाबतात.

सॉफ्टवेअर नसेल तर फाइलच्या पहिल्या पानावर आणि पेशंटच्या पाकिटात पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचं कार्ड. मजकूर एवढाच:

‘औषध-जनुक सूचना. सीवायपी२सी१९ स्टार २/स्टार २, पुअर मेटाबोलायझर. क्लोपिडोग्रेल टाळा, पर्याय हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. तपासलेले बदल: स्टार २, ३, १७. लॅब, तारीख, डॉक्टरांची सही.’

कार्ड मराठी आणि हिंदी दोन्हीत करा. इंदूरच्या एम.वाय. या सरकारी रुग्णालयाच्या इमर्जन्सीत ते वाचणारा मराठीच असेल असं नाही. आणि नवा रिपोर्ट आल्यावर रकाना भरण्याचं काम एका माणसाच्या नावावर हवं. ‘कुणीतरी भरेल’ म्हटलं की कुणीच भरत नाही.

११. लॅबकडून व्हीसीएफ फाइल मागून घ्यावी का?

घ्या, तपासणी देतानाच सांगा. काही लॅब कच्चा डेटा ठराविक काळच ठेवतात. एक्झोमची व्हीसीएफ ई-मेलने जाईल इतकी लहान असते. पूर्ण जीनोमच्या कच्च्या फाइलला मात्र साठ ते शंभर जीबी लागतात, तिथे हार्ड डिस्क.

फाइलबरोबर ‘बिल्ड’ (संदर्भ जीनोमची आवृत्ती) लिहून घ्या: ३७ की ३८. सिकलसेलचा तोच बदल ११व्या क्रोमोसोमवर ३७ मध्ये ५२४८२३२ क्रमांकावर आहे आणि ३८ मध्ये ५२२७००२ वर. बिल्ड न पाहता शोधलं तर जागा रिकामी दिसते आणि ‘बदल नाही’ असं वाटतं.

१२. ऑनलाइन मागवलेल्या थुंकीच्या किटचा रिपोर्ट चालतो का?

उपचारासाठी नाही. त्यात निवडक जागाच पाहतात. २०१८ मध्ये अमेरिकेत घरगुती बीआरसीए (स्तन-अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेली जनुकं) तपासणीला पहिली परवानगी मिळाली ती तीनच बदलांसाठी, तेही प्रामुख्याने अश्केनाझी ज्यूंमध्ये दिसणाऱ्या. त्यात ‘निगेटिव्ह’ आलेल्या आपल्याकडच्या बाईला दिलासा देण्यासारखं काही नसतं. पॉझिटिव्ह आलं तर नव्या रक्तावर, मान्यताप्राप्त लॅबमध्ये खात्री करून घ्या.

१३. आईच्या गाठीचा जनुकीय रिपोर्ट झालाय. मग मुलींची तपासणी झाली असं समजायचं का?

नाही. गाठीत सापडलेला बदल फक्त गाठीत असू शकतो किंवा जन्मापासून सगळ्या शरीरात. पहिला औषध निवडायला कामाचा, दुसरा मुलांपर्यंत जातो. फरक आईच्या रक्ताच्या तपासणीने कळतो. सुरुवात नेहमी आजारी व्यक्तीपासून करा. तिच्यात बदल सापडला की मुलगे, मुली, भावंडं यांची फक्त त्या एका बदलासाठी तपासणी, जी स्वस्त आणि स्पष्ट. प्रत्येकाला शक्यता ५० टक्के, मुलग्यांनाही. मोठेपणी होणाऱ्या अशा आजारांसाठी १८ च्या आतल्या मुलांना तपासत नाहीत.

गाठीची तपासणी पुढे लागेल असं वाटत असेल तर ऑपरेशनच्या दिवशीच लक्ष द्या: गाठ १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, ६ ते ७२ तास. शनिवारी काढलेली गाठ साध्या फॉर्मॅलिनमध्ये मंगळवारपर्यंत पडली की डीएनएचे तुकडे होतात. हाडाचा नमुना आम्लाने मऊ केला तरी तेच. मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड परत मागून घरी जपून ठेवा, उन्हापासून लांब.

१४. गरोदरपणातली रक्ताची तपासणी, एनआयपीटी, त्यात मुलगा-मुलगी कळतं ना?

ते सांगणं आणि विचारणं दोन्ही १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने गुन्हा आहे. यावर पुढे बोलणं नाही.

एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तातून गर्भाच्या क्रोमोसोमची तपासणी, १० आठवड्यांनंतर करतात. आईच्या रक्तात गर्भाकडून आलेला डीएनए साधारण ४ टक्क्यांच्या खाली असेल तर उत्तर मिळत नाही. वजन जास्त असलेल्या बायकांत हे जास्त होतं. ही चाळणी आहे, निदान नव्हे. ‘हाय रिस्क’ आलं तर गर्भजलाची तपासणी, १५-१६ आठवड्यांनंतर; तोपर्यंत कोणताही निर्णय नाही. नेहमीच्या एनआयपीटीत सिकलसेल, थॅलेसेमिया दिसत नाहीत (प्रश्न ३). २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात होतो. गर्भात गंभीर दोष असेल तर त्यापुढे मेडिकल बोर्ड.

१५. रिपोर्ट घरात कुणाला सांगायचा? बहिणीचं लग्न ठरतंय. आणि विम्याला त्रास होईल का?

रिपोर्ट ज्याचा, सांगायचा हक्क त्याचा. डॉक्टरने परस्पर बहिणीला फोन करायचा नाही. सोपा मार्ग म्हणजे ‘नातेवाईकांसाठी पत्र’: पेशंटचं नाव न घालता जनुक, बदल आणि कोणती तपासणी करावी एवढंच; पेशंट ते स्वतः देतो. पुणे, बडोदे, ग्वाल्हेरला पसरलेल्या कुटुंबात हेच कामी येतं. अख्खा रिपोर्ट व्हॉट्सअॅपच्या घरगुती ग्रुपवर टाकू नका. तो मागे घेता येत नाही आणि त्यात न विचारलेल्या काकांचीही माहिती असते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात जनुकीय माहितीचा वेगळा वर्ग केलेला नाही, त्यामुळे काळजी आपणच घ्यायची.

ट्रायो करताना कधी कधी वडील जैविक वडील नाहीत हे उघड होतं. एक्झोममध्ये न शोधलेला हृदयविकार किंवा कर्करोगाचा धोकाही निघतो. दोन्ही गोष्टी रक्त घेण्याआधी, आईशी एकटीशी आणि मग दोघांशी, बोलून ठेवा. हवं-नको लेखी घ्या.

लग्नाचं म्हणाल तर वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. दोघंही एकाच आजाराचे वाहक असतील तेव्हाच प्रत्येक मुलाला २५ टक्के धोका. तेव्हा प्रश्न ‘मुलगी वाहक आहे का’ एवढाच नाही, ‘मुलाची एचपीएलसी झाली का’ हाही आहे. तपासतात मात्र बहुधा मुलीलाच.

विमा: २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आरोग्यविम्यात जनुकीय कारणावरून होणारा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि त्यानंतर विमा नियामकाने ‘जनुकीय आजार’ या सबबीवर दावे नाकारू नका असं कंपन्यांना सांगितलं. मात्र अमेरिकेसारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. प्रस्तावाच्या फॉर्मवर विचारलेल्याला खरं उत्तर द्या. नुसतं वाहक असणं आणि आजार असणं यातला फरक डॉक्टरकडून लेखी घेऊन जोडा.

१६. मुलाचा थॅलेसेमिया बोन मॅरो ट्रान्सप्लांटने बरा झाला. एचपीएलसी नॉर्मल आहे. लग्नाच्या वेळी सांगायची गरज काय?

गरज आहे, आणि फसगत नेमकी इथेच होते. ट्रान्सप्लांटनंतर रक्त दात्याचं असतं, म्हणून एचपीएलसी दात्याची येते. रक्तातून काढलेला डीएनएही दात्याचा. लाळेत आणि गालाच्या नमुन्यातही दात्याच्या पेशी मिसळतात. मुलाचा स्वतःचा डीएनए हवा तर त्वचेच्या पेशींतून घ्यावा लागतो, आणि फॉर्मवर ‘ट्रान्सप्लांट झालेला’ हे शब्द ठळक हवेत. नाहीतर लॅब दात्याचा रिपोर्ट याच्या नावावर देते.

शुक्रजंतू मात्र त्याचेच आहेत. थॅलेसेमिया मेजर असलेल्याच्या दोन्ही प्रतींत बदल असतो, म्हणून त्याचं प्रत्येक मूल किमान वाहक होणारच. बायको वाहक निघाली तर प्रत्येक वेळी रुग्ण बाळाची शक्यता ५० टक्के, नेहमीची २५ नव्हे. म्हणून होणाऱ्या बायकोची एचपीएलसी आधी करा. मुलाच्या ट्रान्सप्लांटआधीच्या जनुक रिपोर्टची प्रत शोधून काढा, गर्भाची तपासणी लागलीच तर तीच वापरायची आहे. त्याच्या फाइलवरच्या कार्डावर एक ओळ घाला: ‘रक्ताची एचपीएलसी आणि डीएनए दात्याचे, जन्मजात बीटा थॅलेसेमिया मेजर.’